दीर्घ ‘पूर’ आणि ऱ्हस्व ‘गुण’ : मराठी लेखननियमांतील तत्सम-भेदाची चिकित्सा

प्रास्ताविक

कोणत्याही महाविद्यालयातील नामफलक वाचत गेल्यास ‘सहायक प्राध्यापक’ आणि ‘सहाय्यक प्राध्यापक’ अशी दोन रूपे शेजारी-शेजारी आढळतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनंतर ‘अधिव्याख्याता’ हे पदनाम मागे पडले आणि हा प्रश्न घरोघरी, म्हणजे विभागोविभागी, आला. संस्कृतात मदत करणारा तो ‘सहायक’ आणि मदत म्हणजे ‘साहाय्य’. या दोहोंच्या सरमिसळीतून निर्माण झालेले ‘सहाय्यक’ हे रूप शुद्धलेखनाचे जाणकार अशुद्ध ठरवतात. प्रस्तुत लेखकाच्या नियुक्तिपत्रावर एक रूप आहे आणि सेवापुस्तकात दुसरे. या भेदापायी आजवर कोणाचे वेतन अडल्याचे ऐकिवात नाही.

तथापि याच प्रकारच्या भेदापायी विद्यार्थ्यांचे गुण मात्र नियमितपणे अडतात. मूल्यमापन केंद्रावर मराठीच्या उत्तरपत्रिका तपासताना आलेल्या एका अनुभवातून प्रस्तुत लेखाचा विषय सुचला. एका विद्यार्थ्याने लोणार सरोवरावर निबंध लिहिला होता. आशय चांगला होता. उल्काघाताने निर्माण झालेले विवर, बेसाल्ट खडक, खारे पाणी आणि दैत्यसूदन मंदिराचे शिल्प यांविषयी त्याने पाहून लिहिले होते, पाठ करून नव्हे. मॉडरेटरांनी त्यातील ‘मंदीर’, ‘गूण’, ‘शरिरात’ या शब्दांखाली लाल रेघा मारल्या आणि दोन गुण कमी करण्याची सूचना केली. ती पाळली गेली. परंतु त्याच निबंधात ‘मंदिरात’, ‘गुणांमुळे’, ‘शरीर’ आणि ‘प्राचीन’ हे शब्द अचूक लिहिलेले होते. ज्याला ‘मंदीर’ चुकते त्याला ‘मंदिरात’ कसे साधते, हा प्रश्न त्या दिवशी कोणी विचारला नाही. प्रस्तुत लेखात तो विचारण्याचा प्रयत्न केला आहे.

नियमांचे अंतरंग

आज प्रचलित असलेले लेखननियम मराठी साहित्य महामंडळाने तयार केले. १९६२ मध्ये शासनमान्य झालेल्या १४ नियमांत १९७२ मध्ये आणखी ४ नियमांची भर पडली व एकूण संख्या १८ झाली. पहिले चार नियम अनुस्वारासंबंधी, पाचवा ते आठवा ऱ्हस्व-दीर्घासंबंधी आणि उरलेले किरकोळ स्वरूपाचे आहेत. मो. रा. वाळंबे यांच्या ‘मराठी शुद्धलेखन प्रदीप’ने आणि अरुण फडके यांच्या ‘मराठी लेखन-कोशा’ने ते घराघरांत नेले. या ग्रंथांचे उपकार मोठे आहेत. येथे परीक्षण करावयाचे आहे ते मूळ नियमांचे.

मराठीच्या स्वतःच्या शब्दांपुरते पाहिले तर हे नियम फार सुंदर आहेत, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ : पाटी, विळी, पिसू, लाडू. शेवटचा स्वर दीर्घ असेल तर त्याच्या आधीचा इकार-उकार ऱ्हस्व : किडा, सुरी, दिवा. शब्द अकारान्त असेल तर उपान्त्य इकार-उकार दीर्घ : फूल, मूल, कठीण, गरीब, वकील. आणि अशा शब्दाचे सामान्यरूप झाले की तोच स्वर ऱ्हस्व : फुलाला, मुलांना, गरिबास, वकिलाकडे. येथे ऱ्हस्व-दीर्घ हे पाठांतराचे काम राहत नाही. अक्षराच्या जागेवरून ते ठरते आणि मराठी बोलणाऱ्याच्या जिभेला ते आधीच ठाऊक असते. ‘फूल’ म्हणताना उकार लांबतो, ‘फुले’ म्हणताना आखडतो. नियमाने एवढेच केले की जिभेची सवय कागदावर उतरवली.

अडचण सुरू होते ती ‘तत्सम शब्द मूळ संस्कृतप्रमाणे लिहावेत’ या अपवादापाशी. त्यामुळे ‘खूण’ दीर्घ, पण ‘गुण’ ऱ्हस्व. ‘गरीब’ दीर्घ, पण ‘मंदिर’, ‘परिचित’, ‘मधुर’ ऱ्हस्व. उलट ‘शरीर’, ‘प्राचीन’, ‘नवीन’ हेही तत्समच, परंतु ते मुळातच दीर्घ, म्हणून त्यांचे सामान्यरूपही दीर्घच : शरीरात, प्राचीनांना.

आता त्या विद्यार्थ्याच्या निबंधाकडे पुन्हा वळू. त्याने ‘मंदीर’ व ‘मंदिरात’ लिहिले, जसे आपण ‘गरीब’ व ‘गरिबात’ लिहितो. त्याने ‘गूण’ व ‘गुणांमुळे’ लिहिले, जसे ‘खूण’ व ‘खुणांमुळे’. त्याने ‘शरीर’ व ‘शरिरात’ लिहिले. सहाही रूपे एकाच नियमाने सिद्ध होतात, आणि तो नियम महामंडळाचाच आहे, सातवा व आठवा मिळून. विद्यार्थ्याने नियम मोडला नव्हता. त्याला फक्त एवढेच ठाऊक नव्हते की हे तीन शब्द संस्कृतातून जसेच्या तसे आलेले आहेत. त्याचे दोन गुण गेले ते मराठी न आल्यामुळे नव्हे, संस्कृत न शिकल्यामुळे.

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे. तत्सम शब्द ओळखता येणे हेही भाषेच्या ज्ञानाचेच अंग नव्हे काय? पदवी पातळीवर मराठी साहित्य हा विषय घेणाऱ्याकडून ती अपेक्षा ठेवण्यास हरकत नाही. पण आवश्यक मराठीच्या पेपरला बसणाऱ्या वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याकडून ती ठेवायची असेल, तर ते ज्ञान त्याला कोठे व कधी दिले गेले, हेही सांगावे लागेल. आपल्या भागातील अनेक विद्यार्थ्यांच्या शाळांत संस्कृतचा शिक्षक कधी नव्हताच.

‘पूर’चा पुरावा

नियमकर्त्यांनी संस्कृत-निष्ठा सर्वत्र सारखी पाळली असती, तर तिला एक शास्त्रीय भूमिका म्हणून मान देता आला असता. परंतु ती तशी पाळलेली नाही, आणि याचा सर्वांत बोलका पुरावा आमच्या गावाच्या पाटीवरच आहे.

‘पुर’ हा नगरवाचक शब्द शुद्ध तत्सम आहे. सातव्या नियमातील अपवादाप्रमाणे तो ऱ्हस्वच राहावयास हवा. हिंदीत तो तसाच आहे. हिंदी फलकांवर ‘नागपुर’, ‘सोलापुर’ असेच लिहिले जाते. परंतु महामंडळाने नववा नियम खास यासाठी केला की कोणत्याही गावाच्या नावास ‘पूर’ लावताना तो दीर्घ लिहावा. म्हणून नागपूर, सोलापूर आणि लोणार तालुक्यातील आमचे सुलतानपूर. पूर्वपद अरबी असो वा संस्कृत, ‘पूर’ दीर्घच. पुढे आठव्या नियमाने ‘सुलतानपुरात’ ऱ्हस्व होतो आणि ‘सुलतानपूरचा’ म्हणताना सामान्यरूप होत नसल्याने पुन्हा दीर्घ. गावातील प्राथमिक शाळेतला मुलगाही हे तिन्ही शब्द बिनचूक लिहितो, कारण ते तो तसेच बोलतो.

नवव्या नियमाचा अर्थ असा की येथे नियमकर्त्यांनी संस्कृतला नव्हे, मराठी जिभेला कौल दिला. आणि हे एकदाच घडलेले नाही. संस्कृतातील ‘कवि’, ‘बुद्धि’, ‘गुरु’ हे शब्द पाचव्या नियमाने मराठीत ‘कवी’, ‘बुद्धी’, ‘गुरू’ झाले. ‘इत्यादि’चा ‘इत्यादी’ झाला, मात्र ‘तथापि’ आणि ‘परंतु’ ऱ्हस्वच राहिले. अनुस्वारांच्या बाबतीत तर महामंडळाने फार मोठे धाडस केले. १९६२ पूर्वीच्या पुस्तकांत ‘नांव’, ‘पांच’, ‘कांहीं’, ‘घरांत’ असे लिहिलेले दिसते. या अनुस्वारांच्या समर्थनार्थ व्युत्पत्तीचाच दाखला दिला जाई : ‘पांच’वरील बिंदू ‘पञ्च’ची आठवण ठेवतो, ‘नांव’वरील बिंदू ‘नाम’ची. उच्चारात नसलेली ही आठवण चौथ्या नियमाने पुसून टाकली, आणि ती पुसल्यामुळे मराठीचे काही बिघडले असे आज कोणी म्हणत नाही. शेवटच्या अक्षरात उच्चार मानला, गावाच्या नावात मानला, अनुस्वारात मानला, मग शब्दाच्या मधल्या अक्षरापुरताच तो का नाकारला, याचे उत्तर नियमांत सापडत नाही.

ही तडजोड होती, हे उघड आहे, आणि तडजोडीत काही गैर नाही. वेगवेगळ्या परंपरांचे लोक एकत्र बसून नियम करतात तेव्हा तसेच व्हायचे. गैर आहे ते तडजोडीला शास्त्र समजून तिच्या आधारे गुण कापणे.

जोडशब्दांचा युक्तिवाद

ऱ्हस्व-दीर्घाच्या काटेकोर पालनासाठी नेहमी पुढे केला जाणारा युक्तिवाद म्हणजे अर्थभेदाचा. ‘दिन’ म्हणजे दिवस, ‘दीन’ म्हणजे गरीब. ‘सुत’ म्हणजे पुत्र, ‘सूत’ म्हणजे धागा. ‘शिर’ म्हणजे डोके, ‘शीर’ म्हणजे रक्तवाहिनी. ‘सुर’ म्हणजे देव, ‘सूर’ म्हणजे स्वर. ‘पाणि’ म्हणजे हात, ‘पाणी’ म्हणजे जल. कोणत्याही स्पर्धा-परीक्षेच्या मार्गदर्शकात ही यादी असते आणि वर्गात ती सांगताना शिक्षकालाही मजा येते. ‘स्वातंत्र्यदीन’ लिहिले तर स्वातंत्र्य दरिद्री होते, हा विनोद आपल्यापैकी प्रत्येकाने केलेला आहे.

पण ही यादी बारकाईने तपासावी. बहुतेक जोड्यांत ऱ्हस्व शब्द असा आहे की तो आधुनिक मराठी गद्यात सुटा जवळजवळ येतच नाही. ‘सुत’, ‘सुर’, ‘पाणि’ हे शब्द समासांत व जुन्या काव्यांत राहतात. ज्या दोन शब्दांची गल्लत होण्याची भीती घातली जाते, ते एका वाक्यात एका जागी येण्याचा प्रसंगच क्वचित उद्भवतो. याउलट ‘कर’ या एकाच रूपात हात, शासनाचा महसूल आणि ‘करणे’चे आज्ञार्थी रूप सुखाने नांदतात. ‘वर’ हा नवरदेवही असतो, देवाने दिलेला आशीर्वादही आणि ‘खाली’च्या उलटही. त्यांना वेगळे लिहावे अशी मागणी कोणी केलेली नाही.

शिवाय या यादीत ‘पुर’ (नगर) आणि ‘पूर’ (पाण्याचा लोंढा) ही जोडी अगदी हक्काने बसली असती. नवव्या नियमाने तीच मोडून टाकली. २३ सप्टेंबर २०२३ रोजी नागपूर शहरात अतिवृष्टीने पूर आला. या वाक्यात दोन्ही ‘पूर’ सारखेच लिहिले आहेत. वाचकाचा घोटाळा झाला काय? अर्थभेदाचे रक्षण हे जर ऱ्हस्व-दीर्घाचे मुख्य प्रयोजन असते, तर महामंडळाने हा नियम केलाच नसता.

इंग्रजी विभागातील सहकाऱ्यांना हे सारे परिचयाचे वाटेल. कर्ज या अर्थाच्या ‘डेट’ या इंग्रजी शब्दात ‘बी’ हे अक्षर कोणी उच्चारत नाही. मध्ययुगीन इंग्रजीत ते लिहिलेही जात नव्हते. लॅटिन मुळाची आठवण राहावी म्हणून पंडितांनी ते पुढे घातले. ‘आयलंड’ या शब्दातील ‘एस’ची कथा तर अधिक मनोरंजक आहे. तो शब्द अस्सल इंग्रजी, त्याचा लॅटिनशी संबंध नाही. पण लॅटिन कुळातील ‘आइल’ या शब्दाशी नाते जोडून तेथे ‘एस’ बसवला गेला. आपल्या विद्यार्थ्याचे इंग्रजी स्पेलिंग चुकते तेव्हा आपण त्या भाषेलाच विक्षिप्त म्हणून त्याला थोडे माफ करतो. मराठीत तेच घडले की त्याच्या संस्कारांविषयी बोलू लागतो.

विरुद्ध बाजू

या विषयावर उलट दिशेने टीका करणारे अभ्यासकही आहेत आणि त्यांचा मुद्दा हलका नाही. त्यांच्या मते पाचवा नियमच चुकला. ‘कवी’ दीर्घ केल्यामुळे ‘कविसंमेलन’ समजावून सांगावे लागते. ‘मंत्री’ लिहायचे पण ‘मंत्रिमंडळ’ लिहायचे, ‘विद्यार्थी’ लिहायचे पण ‘विद्यार्थिगृह’. मात्र ‘नदी’ व ‘नदीकाठ’, ‘स्त्री’ व ‘स्त्रीशिक्षण’ यांत बदल नाही, कारण ते मूळचेच दीर्घ. ‘कवि’, ‘बुद्धि’ मूळाप्रमाणे ऱ्हस्व ठेवले असते तर समासांचा निदान एक भाग आपोआप सुटला असता, असे हे म्हणणे. तर्क म्हणून ते बरोबर आहे. परंतु त्याने विद्यार्थ्याचे ओझे कमी होत नाही, उलट वाढते. मग ‘पाटी’ आणि ‘मति’, ‘लाडू’ आणि ‘गुरु’ यांतील फरकासाठीही त्याला संस्कृतचा आधार घ्यावा लागेल. वृत्तपत्रे आज सर्रास ‘मंत्रीमंडळ’ छापतात. त्यामागे आळस असेल, पण मराठी शब्द मराठीप्रमाणे जोडण्याची प्रवृत्तीही आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : उच्चाराप्रमाणे लिहायचे ठरवले तर कोणाच्या उच्चाराप्रमाणे? वऱ्हाडात ‘पानी’ म्हणतात, ‘लोनार’ म्हणतात. तसे लिहू द्यायचे काय? प्रस्तुत लेखकाचे उत्तर नकारार्थी आहे. जेथे प्रांताप्रांतांचे उच्चार खरोखर भिन्न आहेत तेथे लेखनाचे एक समान रूप लागते, आणि ‘पाणी’ हे ते रूप विद्यार्थ्याने शिकलेच पाहिजे. फक्त त्याच्या बोलीतील ‘पानी’ला अशुद्ध म्हणू नये. ‘लीळाचरित्रा’त मेहकर-लोणार परिसरातील लीळा आहेत, ज्या मुलुखात मराठी गद्याचा पाया घातला गेला त्या मुलुखाच्या बोलीला तरी नाही. (त्या ग्रंथाच्या नावातच संस्कृत ‘लीला’ची मराठी ‘लीळा’ झालेली आहे, हेही नोंदवावे.) ‘गुण’ची गोष्ट वेगळी आहे. सहज बोलण्यात ‘गुण’ आणि ‘खूण’ यांतील उकार भिन्न लांबीचे असल्याचे प्रस्तुत लेखकाच्या कानाला तरी वऱ्हाडात जाणवले नाही आणि पुण्यातही नाही. येथे एका प्रांताचा उच्चार दुसऱ्यावर लादण्याचा प्रश्नच येत नाही.

त्याचप्रमाणे ‘दुरवस्था’ ऐवजी ‘दुरावस्था’, ‘पारंपरिक’ ऐवजी ‘पारंपारिक’, ‘मथितार्थ’ ऐवजी ‘मतितार्थ’ या चुकाही वेगळ्या कोटीतील होत. हे शब्द वेगळे ऐकू येतात, फोड करून सांगता येतात, एकदा समजले की विसरत नाहीत. त्यांवर रेघ मारण्यास कोणाचीच हरकत नसावी. ‘सहाय्यक’ही याच वर्गात मोडतो, हे नामफलकांच्या मालकांनी, प्रस्तुत लेखकासह, मान्य करावे.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. दोन रूपे मान्य केली तर कोश, संगणकावरील शोध आणि मुद्रितशोधन यांत गोंधळ होईल. थोडा होईल. पण तो आजही आहे. आपल्या जिल्ह्याचे नाव ‘बुलढाणा’ आणि ‘बुलडाणा’ अशा दोन प्रकारे छापले जाते. ‘भिलठाणा’पासून ते आल्याचे सांगितले जाते, म्हणजे व्युत्पत्तीचा आग्रह धरला तर दोन्ही चूक. टपाल तरी कधी चुकलेले नाही.

विकल्पाची वाट

विकल्प देणे हे नियमशून्यतेचे लक्षण नव्हे. महामंडळाच्या सोळाव्या नियमात ‘राहणे, पाहणे, वाहणे’ हीच रूपे ग्राह्य मानली आहेत, पण आज्ञार्थात ‘राहा, पाहा’ यांबरोबर ‘रहा, पहा’ लिहिण्यास मोकळीक आहे. अठराव्या नियमात वृत्ताच्या गरजेपुरते कवीला ऱ्हस्व-दीर्घाचे स्वातंत्र्य दिले आहे. तेराव्यात संवादातील ‘असं’, ‘केलं’ मान्य आहे. कवीला सवलत, कथेतील पात्राला सवलत. परीक्षा देणाऱ्यालाच तेवढी नाही. फ्रान्समध्ये १९९० साली वर्णलेखनाच्या सुधारणा जाहीर झाल्या तेव्हा जुने रूप लिहिणारा किंवा नवे रूप लिहिणारा, दोघांपैकी कोणीही चूक ठरणार नाही अशी भूमिका घेण्यात आली. फ्रेंच अकादमीसारखी शुद्धतेविषयी हळवी संस्था जे मान्य करू शकते ते आपणास फार जड जाऊ नये.

प्रस्तुत लेखकाची सूचना मर्यादित आहे. सातव्या व आठव्या नियमांतील तत्सम अपवाद रद्द करावा असे येथे म्हटलेले नाही. छापील ग्रंथांत, शोधनिबंधांत, शासकीय पत्रव्यवहारात ‘मंदिर’ आणि ‘गुण’ हीच रूपे राहोत. या नियतकालिकाने हा लेखही त्याच नियमांनी तपासून छापावा. परंतु मराठी साहित्य हा विशेष विषय न घेतलेल्या विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेत तत्सम शब्दाचा उपान्त्य इकार-उकार मराठी शब्दांच्या नियमाप्रमाणे लिहिलेला असेल, तर त्याखाली हवी तर रेघ मारावी, पण गुण कापू नये. नियमांत बदल करण्यासाठी महामंडळाची बैठक लागेल, शासन निर्णय लागेल. परीक्षकांसाठीच्या सूचनापत्रात एवढे एक वाक्य घालण्यास मराठीच्या अभ्यासमंडळाची एक बैठक पुरेशी आहे. तशा आशयाचे पत्र आमच्या विभागाने पाठविले आहे. दरम्यान अंतर्गत चाचण्यांत आम्ही ही पद्धत सुरू केली असून, पहिल्याच चाचणीनंतर एका विद्यार्थ्याने रेघ मारलेला ‘मंदीर’ दाखवून विचारले, “सर, हे चूक असंन तं आपलं सुलतानपूर कसं काय बरोबर?”